हॉलंडच्या मिस रीटा यांचे हातमोजे

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दादाजी, कोंढ्याहून अगत्यानं आलेले प्रमुख पाहुणे भैयालालजी, स्त्रियांच्या बाजूला पहिल्या रांगेत नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी सौ. कौशल्याबाई, दहा वर्षं जिल्हा गाजवणाऱ्या डान्स पार्टीचे मालक जागेश्वरजी, आजच्या सत्कारमूर्ती, आणि लाखांदूरपासून वरठीपर्यंतच्या गावांतून कुणी एस.टी.नं, कुणी सायकलीवर आलेल्या रसिक बंधुभगिनींनो,

आयोजकांनी मला बजावलं आहे, ‘गुरुजी, लांबवू नका.’ नाही लांबवणार. पण तीस वर्षं विज्ञान आणि भूगोल शिकवलेला माणूस एकदम उत्तरावर उडी मारत नाही. तो आधी प्रश्न नीट मांडतो. आपणांपैकी ज्यांनी मिस रीटांचा एक तरी कार्यक्रम पाहिला असेल, त्यांना हा प्रश्न पडलाच असणार. वैशाखातलं लग्न आहे, मांडवात माणूस भाजून निघतो आहे, नवरदेवानं फेटा काढून त्यानंच वारा घ्यायला सुरुवात केली आहे, आणि या बाई कोपरापर्यंत पांढरे हातमोजे घालून नाचत-गात आहेत. चेहरा उघडा, मान उघडी, दंड उघडे. झाकलेले फक्त हात. का बरं?

गेल्या दहा वर्षांत माझ्याकडे याची तीन उत्तरं जमली. वरठीचे कामगार म्हणत, ती तिकडची रीत आहे. लाखांदूरच्या एका गृहस्थानं मला कानात सांगितलं, “बोटात हिऱ्याची आंगठी हाय गुरुजी, चोट्टे पायतीन म्हणून झाकते.” आणि सातवीच्या एका विद्यार्थ्यानं निबंधात लिहिलं होतं, की गोऱ्या लोकांचे हात उन्हानं विरघळतात. तिन्ही उत्तरं चूक आहेत. पण त्यांत एक गोष्ट समान आहे, तिकडे लक्ष द्या. हातमोज्याच्या आत पांढरा हात आहे, हे तिघांनीही गृहीत धरलं होतं.

बाहेरच्या फलकावर लिहिलं आहे, ‘हॉलंडच्या सुप्रसिद्ध डान्स गायिका मिस रीटा मायदेशी परतत आहेत.’ तेव्हा मायदेशापासूनच सुरुवात करू.

१९७८ साली जागेश्वरजी माझ्या घरी आले. म्हणाले, “गुरुजी, असा एखादा देश सांगा जिथली भाषा आपल्या जिल्ह्यात कोणालेच येत नाई.”

मी म्हटलं, “इंग्लंड चालणार नाही?”

“नाई जी. तहसीलदार सायेब पहिल्या रांगेत बसून इंग्रजीत काही विचारन, मंग मी काय तबला वाजवू?”

मी नकाशा उघडला आणि हॉलंडवर बोट ठेवलं. सांगितलं, या देशाचा बराच भाग समुद्राच्या पातळीखाली आहे, तिथले लोक बांध घालून पाणी अडवतात. जागेश्वरजी खूश झाले. “मंग तं आपलेच लोकं हायेत. तळ्याखालची धानाची बांधी.” निवेदनाचा मजकूर मीच लिहून दिला. अ‍ॅमस्टरडॅमला जन्म, वडील जहाजावर कप्तान, बालपण फुलांच्या मळ्यांत. त्या मजकुरात व्याकरणाची एकही चूक नव्हती. बाकी सगळीच चूक होती, आणि ती आज दुरुस्त करायची आहे.

सत्कारमूर्तींचा जन्म लाखांदूर तालुक्यातला. नाव पार्वताबाई. धानाच्या रोवणीत त्यांनी गाणं धरलं की शेजारच्या बांधीतल्या बायांचे हात थांबत आणि मालक चिडत. लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी वर्षाची असताना यांच्या ओठाजवळ तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उमटला. सात-आठ वर्षांत चेहरा, मान, दंड, सगळं पांढरं झालं. मी शिक्षक आहे, म्हणून हे स्पष्ट सांगतो: कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या काम सोडतात, त्याला कोड म्हणतात. तो महारोग नाही. मागच्या जन्मीचं पाप नाही. शिवल्यानं तो लागत नाही, एका ताटात जेवल्यानं लागत नाही, कडेवर लेकरू घेतल्यानंही लागत नाही. पाठ्यपुस्तकात ही माहिती चार ओळींची आहे, आणि त्या चार ओळी आपण सर्वांनी परीक्षेपुरत्या पाठ केलेल्या आहेत.

नवऱ्यानं त्यांना माहेरी आणून सोडलं. भावानं गोठ्यात जागा दिली, वेगळी ताटली दिली. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र घरात ठेवून घेतलं आणि बजावलं, “पोरीचं लगन व्हायचं हाय. तू तिच्या सावलीले येऊ नको.” पार्वताबाई बारा दिवस गोठ्यातून मुलीला ऐकू जाईल असं गात राहिल्या. तेराव्या दिवशी भावानं गाणंही बंद करायला सांगितलं, तेव्हा त्या निघाल्या.

वरठीच्या स्टेशनबाहेर त्या शिंगाडे विकत. गिऱ्हाईक येई, हाताकडे पाही आणि पुढच्या बाईकडे जाई. आता हे नीट समजून घ्या. चेहरा पूर्ण पांढरा होता, पण हात अर्धे राहिले होते. बोटांवर, मनगटावर मूळचा सावळा रंग चट्ट्याचट्ट्यानं शिल्लक होता. पूर्ण पांढरा माणूस परदेशी वाटतो. अर्धा पांढरा माणूस रोगी वाटतो. जागेश्वरजींच्या हे पहिल्याच नजरेत ध्यानात आलं, याला मी त्यांची बुद्धिमत्ताच म्हणेन. ते पार्वताबाईंना म्हणाले, “तुह्या रंगाले लोकं फुकटात भेऊन पळून राहिले. आपण तिकीट लावू. पाहाले येतीन.”

तर रसिकहो, हातमोज्यांचं उत्तर असं आहे. त्यांनी पांढरं काही झाकलं नव्हतं. त्यांच्या देहावर त्यांचा स्वतःचा म्हणून जेवढा रंग उरला होता, तेवढाच झाकायचा होता.

डोक्यावर सोनेरी केसांचा टोप आला, डोळ्यांवर काळा गॉगल आला. नाच शिकायला त्यांना महिना लागला. वाईट मराठी बोलायला शिकायला तीन महिने लागले. ‘मले’ म्हणायचं नाही, ‘मला’सुद्धा म्हणायचं नाही, ‘माला’ म्हणायचं. शेवटच्या गाण्यात एक मराठी ओळ असे. ती त्यांनी अडखळत म्हटली की आपण सगळे टाळ्या पिटत होतो, की पाहा, मेम कशी मराठी बोलते. मीही पिटल्या आहेत.

१९७९च्या दिवाळीनंतर लाखांदूरच्या मंडईच्या जत्रेत भर दुपारी कार्यक्रम झाला. तो संपल्यावर बायांची गर्दी मेमला पाहायला आली. त्यात एक बाई पुढं घुसली, मेमचा दंड चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, “काय गोरी हाय वो मेम. आमची ननंद पण अशीच पांढरी झाली होती. पण तिचं पांढरं वंगाळ. हे कसं दुधासारखं.” ती पार्वताबाईंची सख्खी भावजय होती. हसूनच बोलत होती, मनात काही वाईट नव्हतं. पार्वताबाई मेमच्या मराठीत म्हणाल्या, “तुमची ननंद कुटे आहे?” भावजय म्हणाली, “मेली वो. बरं झालं, पोरीचं लगन तं होईन.” आपल्याच मरणाची बातमी त्यांना अशी कळली.

मग आलं १९८४. जागेश्वरजींच्या वहीत कोंढ्याची सुपारी आली. वरपित्याला वरातीत आणि मांडवात हॉलंडची मेमच हवी होती. जिल्ह्यात असं लग्न झालं नसेल, असं त्यांना करायचं होतं. वधूचं नाव वाचून जागेश्वरजी स्वतः पार्वताबाईंकडे गेले. म्हणाले, “मी वापस करतो हे सुपारी. तू नको जाऊ.”

त्या म्हणाल्या, “काहून? माह्या पोरीच्या लग्नाचं आमंत्रण आलं मले. कोण देत होतं?”

भैयालालजी, आपण पाण्याचा पेला खाली ठेवलात, तो पुन्हा घ्या. थोडंच उरलं आहे.

त्या लग्नात त्या गायल्या. आंतरपाटामागं नवरीनं आवाज ऐकून मान वर केली, आणि मामानं ती हातानं खाली दाबली. मंगलाष्टकं झाली. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणं दोन्ही समधिणींची भेट झाली. वराच्या आईनं वधूच्या आईला कुंकू लावायचं, गळ्याला गळा भेटवायचा. वधूची आई मेलेली, म्हणून मामी उभी राहिली. मेम दोन हातांवर उभी होती. भेट उरकताच वराच्या आईनं मेमचा हातमोजा घातलेला हात धरला, तिला आपल्या शेजारी पाटावर बसवलं, आपल्या हातानं तिच्या तोंडात बुंदी घातली आणि फोटो काढून घेतला. तो फोटो आजही कोंढ्याच्या त्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. कौशल्याबाई, फोटोत तुमच्या शेजारी बसली आहे ती तुमची समधीन आहे. तुमच्या सुनेची, रुखमाची आई आहे.

आपण उठलात. बाहेर ऊन फार आहे आणि कडेवर बाळ आहे, तेव्हा दाराशी सावलीत तरी थांबा. रुखमा उठलेली नाही, हे सभागृहानं पाहिलंच आहे.

कुणाला वाटेल, गुरुजींनी भरल्या सभेत एका घराची अब्रू काढली. तर ऐका. परवा रुखमा माझ्याकडे आली होती. म्हणाली, “गुरुजी, खोटं तुम्ही लिहिलं, तं तुम्हीच खोडा. मी घरात सांगीन तं घरातल्या घरात दाबून टाकतीन, अन् आईसंग मलेही गोठ्यात बसवतीन.” मी पार्वताबाईंना विचारलं, तुमची तयारी आहे का. त्यांचा आवाज आता बसला आहे, पार्टी व्हिडिओमुळं बंद पडते आहे, जायला ठिकाण नाही. त्या म्हणाल्या, “हॉलंडले जायाची गाडी कोठून निंगते गुरुजी? कोंढ्याची एस.टी. मले ठाऊक हाय. नातू एकडाव मांडीवर घेऊ द्या, मंग कोठीही पाठवा.”

म्हणून आज त्या टोप घालून आल्या नाहीत. त्या व्यासपीठावर आल्या तेव्हा टाळ्या थांबल्या त्या यामुळंच, हे मी मघाशीच ओळखलं. जे मागच्या दारानं निघाले आहेत त्यांना मी अडवत नाही. फक्त त्यांनी दहा वर्षं हाच चेहरा तिकीट काढून पाहिला आहे, एवढं वाटेत आठवावं.

समारंभाच्या खुर्च्या देणाऱ्या पंचायतीचे, ध्वनिक्षेपक देणाऱ्या मित्रांचे आणि इतका वेळ बसून राहिलेल्यांचे मी आभार मानतो. माझ्या बोलण्यात कुणाचा अवमान झाला असेल तर त्यांनी उदार मनानं पोटात घालावा. पण माझ्या लिहिण्यात जो अवमान झाला, अ‍ॅमस्टरडॅमपासून बुडत्या देशापर्यंतचा, त्याची क्षमा मी आपल्याकडे मागत नाही. ती पार्वताबाईंकडे मागतो, आणि त्यांनी ती अजून दिलेली नाही.

आता एक साधा प्रयोग. याला साहित्य काही लागत नाही. प्रत्येकानं डावा तळहात उघडा. उजव्या हाताचा अंगठा त्यावर मधोमध घट्ट दाबा. मी दहा आकडे मोजेन, मग अंगठा उचला. दाबलेल्या जागी पांढरा डाग दिसेल. तिथलं रक्त बाजूला सरलेलं असतं, म्हणून तो दिसतो. पार्वताबाईंचं कारण वेगळं आहे, ते मघा सांगितलं. पण तो डाग जाईपर्यंत आपल्या शेजारी बसलेला माणूस सरकून बसतो का, तेवढं पाहा.

भैयालालजी, शाल आपल्या हातात आहे. ज्यांच्या खांद्यावर ती घालायची, त्या आपल्यापासून दोन पावलांवर बसल्या आहेत. आपणही अंगठा दाबा, किंवा उठा. मी मोजायला लागतो.

एक.