पडद्यावरचा पत्ता

मी यादीला हात लावला नाही हे घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं, पण बायांनो, एकालाही पटलं नाही. आर्णीजवळच्या अंगणवाडीत मी मदतनीस. लेकरांच्या वजनाच्या यादीचा प्रोग्राम आमच्या गजानन जावईबापूंनी बनवून दिलता. त्यांच्या लॅपटॉपवर मस्त चाले. तपासणीच्या दिवशी पर्यवेक्षिका मॅडमच्या कॉम्प्युटरवर लावला, त्याची सिस्टिम वेगळी, तर यादीच उघडेना.

मॅडम म्हणाल्या, “मावशी, पुसता पुसता यादी उडवली काय? मले रिपोर्ट लिहा लागन.”

प्रोग्राम लावून द्यायला आलेले जावई म्हणाले, “प्रोग्राम बरोबर आहे, मामी. तुम्हीच आठवा.”

जावयाला उलट बोलू नये म्हणतात, पण नोकरी तर माझी जाऊन राह्यली होती. मी म्हटलं, “मॅडम, पडद्यावर लाल अक्षरात काय आलं ते वाचा ना.”

“प्रोग्राम यादी ज्या पत्त्यावर शोधून राह्यला, तो पत्ता आहे, मावशी. सी ड्राइव्ह लिहिलाय, या सिस्टिमवर तो कप्पाच नसते. मधल्या तिरप्या रेघाही उलट्या. हा तर कोणाच्या तरी घरच्या लॅपटॉपचा पत्ता आहे.”

“कोणाच्या? नाव असन ना त्यात.”

मॅडमनं जावयाकडे पाहिलं अन् वाचलं, “गजानन.”