हिरवा पैलवान

कारंजाहून शेलूबाजारला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर दोघं जण एका मोबाइलवर वाकले होते.

"पाह्य देविदास, माह्या पार्लरमधला जुना फायटिंगचा गेम. कंपनीवाले नवा करून राह्यले. हा पैलवान आपल्या नमरानं काढला, पुण्यात बसून."

"तुमच्या पोरीनं? वा अन्सारभाई! कपाळावरचा घाम बी दिसून राह्यला. तवा तर नाक बी दिसत नव्हतं."

"मंग!"

"पन कुर्ता पिवळा काहून? आपला तर हिरवा होता."

"असली तो पिवळाच होता. आपल्या मशीनच्या टीव्हीतला लाल रंग गेला होता, म्हनून पिवळं सारं हिरवं दिसे."

"म्हनजे कारंजातले सारे पोट्टे ज्याच्यासाठी भांडत, तो हिरवा नव्हताच?"

"नमराले बी मालूम नव्हतं. लहानपनी तिनं बी तोच टीव्ही पाह्यला. आठवनीतून तिनं हिरवाच काढला. सायेब म्हने, हा रंग कुठून आनला? तिनं मले फोन करून इचारलं, मंग त्याले सारं सांगतलं. सायेब लय हासला. म्हने, पिवळा बी ठेव, अन् तुमचा हिरवा बी ठेव. हे पाह्य, बटन दाबलं का कुर्ता बदलते."

"हाच! हाच तो! आता जपानातले पोट्टे बी आपला हिरवा घेऊन खेळतीन?"

"खेळतीन. त्याइले काय मालूम, कारंजात एक टीव्ही बिघडला होता."

"बिघडला कायले म्हनता, अन्सारभाई? साऱ्या दुनियेत एक तोच बराबर होता."