गप्प बसून घेतलेली चाचणी

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या वृद्धनिवासाच्या डॉक्टरीणबाई, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी, ज्यांना आज निरोप देतो आहोत त्या आपल्या संगणकवाल्या बाई, आणि समोर गुडघे चोळत बसलेले माझे सोबती, सर्वांना नमस्कार.

मी सातवीपर्यंतच शिकलेलो. "तुम्ही भाषण करणार?" आमची ही सकाळी म्हणाली, "मग बाईंची निवृत्ती लांबलीच म्हणायची!" पण बोलायलाच हवे. दोन दिवस जीव थाऱ्यावर नाही माझा.

आपल्या प्रत्येक खाटेशी बटण आहे. ते दाबले की सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजते. गेल्या हिवाळ्यात ही खाटेवरून उतरताना पडली. मी खाली जेवणघरात. ती दाबत राहिली, घंटा वाजलीच नाही. मी वर आलो तेव्हा ती गार फरशीवर होती. मग तपासायला कोण कोण आले! येणारा आधी बटणाचे यंत्र बंद करून चालू करायचा आणि लगेच दाबायचा. वाजायचे. एकाने तर ऐकवले, "आजींनी नीट दाबलं नसेल." आता पडलेल्या माणसाने आणखी नीट म्हणजे कसे दाबायचे हो?

शेवटी बाई आल्या. खुर्ची ओढून बसल्या. "आजोबा, आता कोणी काही करायचं नाही." तिघेही गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "आजी, दाबा." नाही वाजले! ही खाटेवरच टाळ्या पिटायला लागली. "बघा, मी नीटच दाबत होते!"

मग बाईंनी समजावले. बटणापासून टेबलापर्यंत एक लाइन कायम उघडी असते, तिला वेबसॉकेट म्हणतात. मध्ये सर्व्हरवर रिव्हर्स प्रॉक्सी नावाचा राखणदार प्रोग्राम. त्याची मुळातली सवय, म्हणजे डिफॉल्ट सेटिंग, अशी की मिनिटभर कोणी बोलले नाही तर लाइन तोडायची. यंत्र बंद करून चालू केले की लाइन नव्याने जोडली जायची, म्हणून लगेच दाबले की वाजायचे. पण आम्ही ठीक असतो तेव्हाच तर लाइन गप्प असते ना? बाईंनी ती मुदत वाढवली, आणि दोन्ही टोकांना मधूनमधून एकमेकांची खुशाली विचारायला लावले. तेव्हापासून घंटा चुकली नाही.

आता बाई चालल्या, आणि सोमवारी नवा सर्व्हर बसणार. त्यांच्या जागी आलेले साहेब परवा मला म्हणाले, "सगळं डिफॉल्टवरच ठेवतो, आजोबा. तेच बरं असतं." कोणासाठी बरे, साहेब? बाईंचे सेटिंग नव्यात घालाल ना? नुसती मान हलवू नका, मला इथून दिसत नाही.

"घालतो, आजोबा! सोमवारी आधी तुमच्याच खोलीत येतो."

बाई काय म्हणताहेत? "बसायच्या तयारीने जा." ऐकलेत ना, साहेब?

बाई, आता सुखाने जा. म्हणजे, जमल्यास सोमवार उलटू द्या, मग जा.

सगळ्यांनी ऐकून घेतलेत, आभारी आहे. तोंडून काही अधिकउणे गेले असेल तर म्हाताऱ्याचे म्हणून पोटात घाला. चहाला मी थांबत नाही. ही वर एकटी आहे.