विश्वास कोणावर बसला

बुधवारा मोहल्ल्यातल्या दवाखान्यात मी नंबराची वाट बघत होतो. पन्नाशीचं एक जोडपं डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलं आणि माझ्या शेजारच्या बाकड्यावर बसलं.

“दारू न पिता पण लिव्हरवर चरबी चढते, असंच म्हणाले ना डॉक्टर?”

“हो. शुगरवाल्यांना जास्तच. शुगरनं चरबी वाढते अन् चरबीनं शुगर.”

“म्हणजे तुम्ही खरंच पीत नव्हते?”

“मनकर्णे, इच्छादेवीच्या पायरीला हात लावून सांगितलं होतं मी तुला.”

“सोनोग्राफीत लिव्हर खराब निघालं, तर मी काय समजू? माझे बाप दारूनं लिव्हर सडूनच गेले.”

“म्हणून दोन महिने बोलली नाहीस. आपल्या पोरीच्या, वंदनाच्या सासरी पण सांगून टाकलं, की हे चोरून पितात.”

“आजच फोन करते तिला. माझी चूक झाली म्हणून सांगते.”

“सांग.”

“आता मावा जलेबी बंद, गुळाचा चहा पण बंद. वजन उतरवायचं, रोज चालायचं, अन् शुगरची गोळी चुकवायची नाही.”

“करीन सगळं.”

“आता माझा पक्का विश्वास बसला बघा.”

“डॉक्टरवर बसला.”

नवऱ्यानं रिपोर्टची पिशवी उचलली.

“बसस्टँडला जायला रिक्षा बघू का?”

“नको, पायीच जाऊ. तुमच्या मनात जे साचलंय ते वाटेत बोला. मी ऐकते.”

“वाट पुरायची नाही.”

“नाही पुरली, तर उद्या पुन्हा निघू.”