अर्धलीची म्हैस

शिमगा होऊन आठ दिवस झाले होते, साल चोपन्न. रक्कम एकशे चाळीस रुपये. हजर माणसं मोजून पाच: आमच्या वाडीचे मुख्य असलेले गावकर, दोन जाणते पंच, माझे चुलत दीर दत्तू भावोजी आणि मी. सहावी म्हैस. तिचीच किंमत चालली होती, म्हणून तिलाही हजर धरते.

माझं माहेर लांज्याकडचं, सात भावंडांत मी तिसरी, लग्न होऊन आले ती या पूर्णगडच्या वरच्या कातळावर. अठरा गुंठे भात, बाकी सगळा कातळ. आमचे हे मुंबईला गिरणीत, गणपतीला आणि शिमग्याला येणार, बाकी दिवस घर माझं आणि गोठाही माझाच. माझाच म्हणते कारण तो बांधला मी. पडलेल्या गडग्याचे दगड डोक्यावरून आणले, एकशे दहा खेपा झाल्या, मी मोजल्या. तीन भिंती उभारायला दगड पुरेनात, म्हणून एका बाजूला स्वयंपाकघराचीच भिंत धरली. त्यामुळे गोठा झाला अरुंद. जनावर बांधलं की त्याचं डावं अंग भिंतीला घासायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर भावोजींनी मला आठ महिन्यांची पारडी दिली, अर्धलीनं. अर्धली म्हणजे जनावर त्यांचं, वैरण आणि मेहनत माझी. व्यालं की पंचांसमोर किंमत करायची, आणि ती किंमत बोलायची सांभाळणाऱ्यानं. मग मालक ठरवणार, निम्मे पैसे देऊन जनावर न्यायचं की निम्मे घेऊन सोडायचं. जुनी रीत आहे, चांगली आहे, दोघांनाही खोटं बोलता येत नाही.

तीन वर्षं सांभाळली. पावसात गोठ्यात धूर केला, खुरं सडली तेव्हा कडुलिंबाच्या पाण्यानं धुतली, घरात पेज कमी पडली तरी तिचा कोंडा कमी केला नाही. व्याली, दूध काढायला लागले. आता डाव्या अंगाला भिंत, तिथे माणूस मावत नाही, मग मी बसायची उजव्या अंगाला. सगळी दुनिया डावीकडे बसते, मी उजवीकडे. पारडी होती तेव्हापासून कासेला हात लावला तो त्याच बाजूनं.

किंमत बोलायचा दिवस आला. माझ्याजवळ शेहेचाळीस रुपये, आणि उरलेल्या चोवीसासाठी कानातल्या बुगड्या काढून ठेवलेल्या. मला म्हैस हवी होती हो, पैसे नको होते. मी बोलले एकशे चाळीस, कारण ती एकशे चाळीसचीच होती. भावोजी हसले, म्हणाले वहिनी, तुमच्या तोंडून खरी किंमत आली, आता मीच नेतो. सत्तर रुपये पदरात टाकले आणि म्हैस, रेडकू दोन्ही घेऊन गेले. मी रिकाम्या गोठ्यात शेण भरत बसले, रडले नाही, रडायला वेळ कुठे होता.

नवव्या दिवशी भावोजी परत. म्हैस रेडकाला पाजते पण माणसाला थेंब देत नाही, जाऊबाईला लाथ मारली, तांब्या परसात जाऊन पडला. बरं, एवढं सांगून थांबले असते तर ठीक. भगताकडे जाऊन आले होते. भगत म्हणाला, करणी आहे, जिनं केली तिनं कोंबडा द्यावा. मग भावोजी वाडीभर सांगत सुटले की म्हैस बाद झाली, वहिनीनं बाद केली, माझे सत्तर परत द्या आणि वर कोंबडा द्या.

गावकरांनी भावोजींच्याच अंगणात बोलावलं. मी म्हटलं, गावकरानू, करणीचे पैसे मी देणार नाही आणि करणीचा कोंबडा तर नाहीच नाही. त्यांना म्हैस नको असेल तर पुन्हा किंमत करा. आता पुरती म्हैस त्यांची, म्हणजे सांभाळणारे तेच. तेव्हा बोलायचं त्यांनी, घ्यायची की सोडायची ते मी ठरवणार. गावकर म्हणाले, बाय बोलते ते रीतीला धरून आहे, बोल दत्तू.

भावोजी अडकले. आठ दिवस बाद म्हैस, बाद म्हैस म्हणून ओरडलेले, आता एकशे चाळीस कुठल्या तोंडानं म्हणणार? म्हणाले ऐंशी. सत्तर सुटले आणि वर दहा मिळाले, असा त्यांचा हिशेब. मी म्हटलं, घेतली. तिथेच पुरते ऐंशी मोजून दिले.

मग म्हटलं, आता थांबा सगळे. त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच खुंटाला, घरून आणलेली माझी कासांडी घेतली, रेडकू दोन घोट पाजून बाजूला केलं आणि उजव्या अंगाला बसले. डोकं तिच्या पोटाला टेकवलं. कासांडीत धार वाजली ती भरेपर्यंत थांबली नाही.

भावोजी म्हणाले, वहिनी, हे आधी सांगायचं होतं. मी म्हटलं, भावोजी, तुमच्या घरापासून माझं घर चाळीस पावलं. कशी बसतेस, एवढं विचारायला कुणी आलं नाही. करणी केलीस म्हणायला अख्खी वाडी आली.

मुंबईहून यांचं पत्र आलं, भाऊबंदांशी वाकडं घेऊ नकोस. मी लिहवून घेतलं, वाकडं घेतलं नाही, म्हैस घेतली.

याला चार वर्षं झाली. तिसरं वेत चालू आहे. भावोजींच्या घरी रोजचा एक शेर माझ्याकडूनच जातो, भाव सगळ्यांना तोच. देव त्यांना सुखी ठेवो, मनात काही नाही. पण लिहिताय तर नीट लिहा: शेवटी दिले ते ऐंशी रुपये, दत्तू भावोजींच्या हातात, गावकरांसमोर. सत्तर त्यांचेच, दहा माझे. बुगड्या कानात आहेत, बघा. आणि कोंबडा दिला नाही. कुणालाच नाही.