सात जणांचा घाम

सातही? म्हणजे भट्टीवरचे सगळेच? — पुन्हा वाचा बरं मॅडम, हल्ली मला जवळचं धूसर दिसतं, चष्मा बदलायला झालाय. "रक्तातील साखर धोकादायक असण्याची शक्यता, आजच दवाखान्यात न्यावे." हं. "तोवर भट्टीवर उभे करू नये." हं. आणि खाली सही. सात कागद, सातांवर तेच, नाव तेवढं वेगळं. — नाही, मुकादम नाहीत, मालाच्या गाडीबरोबर गेलेत, येतील तासाभरात. तोवर इथेच बसा, कॅन्टीनमध्ये. असल्या सँडल घालून तुम्हाला भट्टीकडे कुणी सोडायचं नाही, खाली काचांचा सडा असतो. बसा हो. पंखा आहे, पण तो नुसता फिरतो, वारा देत नाही. चहा टाकते. — बिनसाखरेचा? घ्या! दुसऱ्यांची साखर मोजायला आलात आणि स्वतः बिनसाखरेचा. बरं, बिनसाखरेचा.

मला एक सांगा, साखर म्हणजे काय गोवर आहे का? एकाला झाली की शेजारच्याला, शेजारच्याची त्याच्या शेजारच्याला? एकाच आठवड्यात सातांना? ते तिकडे तोंडावर फडकं बांधून उभं आहे ना, त्याला आम्ही पिंप म्हणतो, त्याला म्हणालात तर मी मान्य करीन, चहात चार चमचे घेतो तो आणि वर बोट बुडवून चाटून बघतो. पण काडीपैलवान? त्याच्या अंगात साखर राहायला जागा तरी आहे का? फुंक मारली की आपणच मागे जातो तो. आणि सगळ्यात वरचा कागद — हो, तोच — ते आमचे हे. नवरा माझा. चाळीस वर्षं फुंकतायत. गोड म्हणून काही खात नाहीत, बोलतही नाहीत. त्यांना साखर!

बघितलंय कधी तुम्ही, बरणी कशी फुंकतात ते? नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घ्यायचा, लालबुंद, आणि फिरवत राहायचा, फिरवत राहायचा, आणि फुंकायचं — जोरात नाही, जेवढी काच मागेल तेवढंच. हात एवढासा थांबला की गोळा एका बाजूला लोंबला, गेली बरणी. आमचे हे एका दमात एवढी मोठी काढतात, आणि तळापासून गळ्यापर्यंत जाडी एकसारखी. घरी मात्र फुगा फुगवायला सांगा, म्हणतील दम नाही.

तर तीन महिन्यांपूर्वी आल्या तुमच्या या चकत्या. काय तो समारंभ! एक कोटातले गृहस्थ आले होते — तुमचे वरिष्ठ असतील, माफ करा — भट्टीपासून दहा हात लांब उभे, तरी रुमालाने मान पुसतायत, आणि सांगतायत काय, तर घाम हा माणसाचा मित्र आहे. चकती दंडावर चिकटवायची, ती घाम पिते आणि तिकडे सांगते, याच्या अंगात पाणी किती, मीठ किती, साखर किती, माणूस दमलाय का, घाबरलाय का. घाम खोटं बोलत नाही, म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, हातात ट्रे होता तो खाली ठेवून वाजवल्या. आणि म्हटलं, साहेब, मलाही एक द्या की. तीन शेगड्या, वर पत्रा, पहाटे पाचपासून मी इथे, माझ्याइतका घाम या कारखान्यात कोण गाळतं? तर हसले. म्हणाले, काकू, कॅन्टीन या योजनेत नाही. — बावीस वर्षं झाली मला इथे. राहू दे. मला काय करायचीय चकती. उगीच विचारलं मी.

हा घ्या चहा. कप धरून बसा नीट, टेबल डुगडुगतं.

मग काय, पहिल्या दिवशी सगळे हिरवे. मुकादमांच्या खोलीत तो पडदा लावलाय ना, त्यावर सात नावं, नावापुढे हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका. मुकादम जेवायचं सोडून त्या ठिपक्यांकडे बघत बसायचे. आणि दुसऱ्या दिवशी आमचे हे लाल. का? तर अंगातलं पाणी कमी, मीठ कमी, थकवा जास्त. अहो, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस भट्टीपुढे उभा राहिला की थकणार नाही तर काय ताजातवाना होणार? पण नियम म्हणजे नियम. लाल झाला की भट्टीवरून खाली. यांना पॅकिंगला बसवलं. तिथे काय काम, तर तयार बरण्यांना कागद गुंडाळायचा. दुसऱ्यांनी फुंकलेल्या बरण्यांना! तीन दिवस बसले. घरी येऊन जेवले नाहीत, भांडले नाहीत, काही नाही. नुसते ताटापुढे बसून हातातला चमचा फिरवत राहायचे, असा, दोन बोटांत, नळी फिरवतात तसा, आणि त्यांना ते कळतसुद्धा नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी तो चमचा हातातून काढून घेतला. मला बघवेना. रडू आलं मला, सांगते तुम्हाला. चाळीस वर्षांत त्या माणसाने माझ्याशी जेवढं बोलायचं ते सगळं त्या हातांनीच बोललेलं आहे.

मग चौथ्या दिवशी झाले हिरवे. — कसे म्हणजे? झाले. पाणी प्यायले, मीठ खाल्लं. विश्रांती झाली. तुमची चकतीच म्हणाली हिरवे, मी कोण सांगणार? आणि मग हळूहळू सगळेच हिरवे. पिंप हिरवा, काडीपैलवान हिरवा. सलग नऊ आठवडे! मुकादमांना प्रशस्तिपत्र मिळालं, फ्रेम करून लावलंय, जाताना बघा. "सर्वांत एकजीव गट." का, तर म्हणे या सात जणांचं पाणी एकाच वेळी वर जातं, एकाच वेळी खाली येतं, मीठ एकसारखं, थकवा एकसारखा. असा गट म्हणे तुमच्या सगळ्या कारखान्यांत दुसरा नाही. मी त्या दिवशी हसून हसून चहात दूध टाकायला विसरले.

आणि ती ताण घालवणारी बाई पाठवली होतीत, ती गोष्ट माहीत आहे का तुम्हाला? त्या नऊ आठवड्यांनंतर एका मंगळवारी सातही जण पिवळे, एका मिनिटात, दहा वाजून वीस मिनिटांनी. कारण काय — ताण! लगेच दुसऱ्या दिवशी बाई हजर, सतरंजी घेऊन. सातांना गोल बसवलं, म्हणाली डोळे मिटा, तुम्हाला श्वास कसा घ्यायचा ते मी शिकवते. यांना! जन्मभर फुंकून पोटं भरणाऱ्यांना श्वास शिकवते! पिंप झोपला, घोरला, तर म्हणाली, बघा, किती छान सैल झालेत. आणि एवढं सगळं कशासाठी, तर मंगळवारी सकाळी माझं आमच्या ह्यांच्याशी वाजलं होतं, म्हटलं तुम्हाला माझी काही किंमतच नाही, आणि रागाच्या भरात पातेलं असं आपटलं की —

काय?

नाही, म्हणजे माझं भांडण झालं, त्याचा त्यांना ताण आला. यांना. — बाकीच्या सहांना? वहिनी म्हणतात ते मला. वहिनी चिडली की त्यांनाही येतो.

तो आवाज? फोन आहे. माझा. — वाजू दे. — नाही, दोन फोन आहेत. — अहो किती निरखून बघता, तुमचा चहा गार होतोय. बाही? बाही मी नेहमीच लांब घालते, तेल उडतं. या उकाड्यात — हो, या उकाड्यातसुद्धा.

... बरं. बघा. बघा एकदाचं. या दंडावर चार, या दंडावर तीन. सगळ्यात वरची यांची. पाणी प्यायची वेळ झाली की किरकिर करतात मेल्या, सातही एकदम, आणि नाही प्यायलं तर पाच मिनिटांनी पुन्हा. सकाळी चहाला येतात तेव्हा एकेक जण उतरवून देतो, मी लावते, तीनचा भोंगा झाला की परत. आधी यांचीच होती हो. फक्त यांची. मग पिंपाने बघितलं, म्हणाला वहिनी, मला पण रात्री झोप होत नाही, लाल झालो तर? मग काडी आला. कुणाला नाही म्हणणार? एकेकाचं हातातलं कसब आहे, ते काय कागद गुंडाळायला? आणि खोटं सांगू नका म्हणाल, तर मी सांगते मॅडम, मला बरं वाटायचं. ट्रे घेऊन मुकादमांच्या खोलीत जायचे तेव्हा पडद्याकडे बघायचे, सात हिरवे ठिपके. सातही मी. माझं नाव कुठेच नाही, पण सातही मी.

आता लिहा काय लिहायचं ते. पण आधी ते कागद फाडा. फाडा हो! सातांना काही झालेलं नाही, भट्टीवरून कुणाला उतरवायचं कारण नाही, अर्धवट बरण्या नळीवर असतील आत्ता. काय ते तुमचं यंत्र! माणसाच्या मनातली भीती कळते, पण सात दंड आणि दोन दंड यातला फरक कळत नाही. एकजीव गट! हसा की. कोटातल्या साहेबांना सांगा, घाम खोटं बोलत नाही, अगदी खरं आहे, फक्त कुणाचा ते विचारायला तुम्ही विसरलात. — हसा ना. का नाही हसत?

पायाकडे काय बघताय? ते भाजलंय, उकळता चहा सांडला होता. बरं होईल. — झाले असतील सात-आठ आठवडे. हळद नाही, मलम लावते. ओलं राहतं तेवढंच. — तहान? लागणारच, दिवसभर या किरकिरतात, सातांचं पाणी मी पिते... रविवारी? रविवारी चकत्या नसतात. — लागते. रविवारी पण लागते. — उठावं लागतं रात्री, हो. तीनदा, चारदा. वय झालं म्हटलं. आणि बाही सैल झालीय ती — मला वाटलं, बरंय, बारीक झाले, यांनी कधी नव्हे ते दोनदा वळून बघितलं.

द्या इकडे तो कागद. वरचा. किती आकडा आहे तो? मला दिसत नाही, तुम्ही वाचा. — आणि किती पाहिजे? — हं.

तीन आठवडे चढतोय. सातांचाही. म्हणजे...

आठवा कागद आहे का तुमच्याकडे? नसेल. कसा असेल. बाहेर ती दवाखान्याची गाडी कुणासाठी आलीय, सातांसाठी ना? दवाखान्यात सात खाटा सांगून ठेवल्या असतील. मी तिथे जाऊन काय सांगू, मी पिंप? मी काडीपैलवान? कॅन्टीन योजनेत नाही. साहेब तेव्हाच म्हणाले होते. — तुम्ही न्याल? तुम्ही कशा न्याल, तुमच्या त्या वहीत मला लिहायला रकाना तरी आहे का? नाही ना. बघितलंत परत, नाही ना.

नाही, रडत नाही मी. घाम आहे. तो तर तुम्हाला मोजता येतो.

यांना सांगायचं नाही. त्यांना वाटेल त्यांच्यामुळे झालं. त्यांच्यामुळे नाही, कळलं ते त्यांच्यामुळे, पण एवढं समजून घ्यायचे नाहीत ते, नळी ठेवून देतील आणि चमचा फिरवत बसतील. — भीती वाटतेय मला, मॅडम. खूप वाटतेय. आत्ता तिकडे पडद्यावर दिसत असेल, नाही का? सातही जण घाबरलेत म्हणून. आणि ते बिचारे तिकडे गाणं म्हणत बरण्या फुंकतायत. उद्या परत पाठवाल त्या बाईला, सतरंजी घेऊन.

ऐका. पुन्हा लागल्या किरकिरायला.

तो ग्लास सरकवा इकडे. नाही, तांब्याच द्या. — आणि उठा आता तुम्ही. मुकादम येतील तेव्हा कागद त्यांना द्या नाहीतर फाडा, तुमचं तुम्ही बघा. चकत्या तीनच्या भोंग्याला देईन, आत्ता हात लावू नका. यांची नळी अजून फिरतेय. जा.