सोबत येणारी व्यक्ती

—नाही नाही, ओरिजिनल कुणालाच द्यायचं नाही, नीरजा. झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स. अंशुमनच्या पासपोर्टच्या दहा काढून ठेव आधी, मग बघू. आणि नीट बस ना, अशी टेकल्यासारखी काय बसलीयस? चहा घे. घ्यायचा गं — भाऊ गेला म्हणून चहा सोडायचा नसतो, तुला अजून चार दिवस पळायचंय. रडायला तुझी आई आहे, पाहुणे आहेत. कागद करायला कोण आहे? तूच. प्रत्येक घरात एक कागदवालं माणूस असतं. आमच्याकडे मी होते. अठ्ठावीस वर्षं कृषी भवनात फायली हलवल्या, मला कागदाचं कसलं भय?

तुला माझं नाव कुणी सांगितलं — वॉचमननं? अच्छा, सेक्रेटरीनं. बघ म्हणजे! दिल्लीच्या ह्या द्वारकेत पाणी अजून टँकरनं येतंय, पण बारा नंबर टॉवरच्या शीलाताई परदेशातून बॉडी आणवतात हे मात्र सगळ्या सेक्टरला ठाऊक. तू तिसरी. आधी ते सेक्टर सहाचे बॅनर्जी, त्यांच्या वडिलांचं लंडनहून. मग एक सरदारजी. चलो, कुणाच्या तरी कामी येते. रिटायर झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, मी कार्गो टर्मिनलला जाते — हसलीस ना? हसायला काही हरकत नाही.

तर ऐक. दोह्यात अंशुमनचं काय काय होईल ते सांगते, म्हणजे घाबरायला नको. अॅक्सिडेंट आहे, म्हणून आधी पोलिसांचा कागद. मग हॉस्पिटलचा. मग आपली एम्बसी पासपोर्ट रद्द करून ना-हरकत देते. पासपोर्ट रद्द होतो तेव्हा वाईट वाटतं हां, सांगून ठेवते. कोपरा कापून देतात. माणूस गेल्याचं आपल्याला कळलेलं असतं, पण तो कापलेला कोपरा बघितला की... असो. मग मसाला भरतात, म्हणजे एम्बामिंग, त्याचं सर्टिफिकेट. मग पेटी. मग विमान. आणि एक लक्षात ठेव, तिकडे शुक्रवार बंद, इकडे शनिवार-रविवार बंद — दोन्ही देश एकदम जागे असतात ते आठवड्याचे चारच दिवस. आज सोमवार आहे ना? बिल्कुल ठीक. गुरुवारपर्यंत होऊन जाईल.

इथे उतरल्यावर कार्गोला जायचं, पॅसेंजरच्या बाजूला नाही. मी पहिल्यांदा गेले ना — शहाण्णवच्या जानेवारीत, संघपालच्या वेळी, माझा धाकटा भाऊ, मस्कतला होता, इंजिनिअर — तर अरायव्हललाच जाऊन उभी! हातात शाल घेऊन. जसा काही चालतच बाहेर येणार आहे. तिथून मला कार्गोला पाठवलं. काय तो हॉल सांगू तुला! नुकतं सगळं बाहेरचं यायला लागलं होतं ना देशात, गुडगावला रोज नवीन ऑफिस, रोज नवीन मशीन — तर ह्या छतापर्यंत पेट्या. कॉम्प्युटर, काय काय. आणि खिडकीतला माणूस मान वर न करता मला विचारतो, ‘माल क्या है, मॅडम?’ मी म्हटलं, ‘भाई है मेरा.’ बिचारा उठून उभाच राहिला. स्वतःची खुर्ची दिली मला. चांगला होता. चौतीस वर्षांचा होता गं संघपाल. हार्ट. सकाळी दाढी करताना.

बरं, दाखव तो फॅक्स. कंपनीनं पाठवलाय ना हा? भर, मी सांगते. नातं — बहीण. विमानतळ — दिल्ली. ताब्यात कोण घेणार — तुझं नाव लिही, आईचं नको; प्रभाताईंना तिथे चार तास उभं करू नकोस. वैवाहिक स्थिती — अविवाहित. सोबत येणारी व्यक्ती... काट का मारलीस? कंपनी एक तिकीट देते, कुणीतरी पेटीबरोबर येऊ शकतं. मित्र असेल, ऑफिसातलं असेल. काय? तिथे त्याचं कुणी नव्हतं?

हं.

नाही, काही नाही. बिस्कीट घे. काही नाही गं — मीही हेच केलं होतं. तसंच्या तसं. संघपालच्या कंपनीचा फॅक्स आला होता, मिस लूर्डेस नावाची एक नर्स आहे, तिला बॉडीसोबत यायची इच्छा आहे, कुटुंबाची परवानगी आहे का? फिलिपीन्सची. त्याआधी तिचा फोनही येऊन गेला होता आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरवर, तुटक इंग्रजीत, मॅडम, मी संघची — आणि पुढे रडली. एप्रिलमध्ये लग्न करणार होतो म्हणाली. मी म्हटलं, राँग नंबर. राँग नंबर! माझ्या भावाचं नाव घेत होती आणि मी म्हणते राँग नंबर. आणि फॅक्सवर काय लिहिलं माहितीये? सरकारी इंग्रजी माझं, चांगलं आहे — ‘नॉट अॅग्रीड टू.’ जसं एखाद्या क्लार्कच्या रजेवर लिहावं. खाली सही.

का म्हणजे? यार, का म्हणजे काय! मी त्याच्यासाठी नागपूरची मुलगी बघून ठेवली होती, एम.एस्सी., बोलणी झाली होती. आईला काय सांगायचं? वर्गणी काढून बाबासाहेबांची जयंती करणारी आमची कॉलनी, सगळे दारात येणार — त्यांच्यासमोर ही कोण म्हणून उभी करायची? मला वाटलं, माझा भाऊ आहे, मी आणीन. माझाच आणीन. तिच्या अर्ध्या वाट्याशिवाय — हे बघ, हे मी कुणाला बोललेले नाहीये. बॅनर्जींना मी फक्त कागद सांगितले होते.

पेटी घरी आली. लाकूड, आत पत्रा. शेजारच्यांनी उघडली. मी मनाची तयारी केली होती की कसा दिसेल, काय दिसेल — आणि बघते तर अंगात स्वेटर. मस्कतहून! जिथे जानेवारीतही पंखा लावतात! राखाडी, हातानं विणलेला. आम्ही ऑफिसच्या बायका, लंचला लॉनवर उन्हात बसून जन्मभर स्वेटरच विणले, मला टाका बघूनच कळतं. आणि बाह्या — तुला कसं सांगू — संघपालचे हात लांब होते, वडिलांसारखे, दुकानातला एकही शर्ट त्याला मनगटापर्यंत कधी आला नाही, माझे स्वेटरसुद्धा आखूडच व्हायचे, मी अंदाजानं करायची ना. हा बरोब्बर मनगटापर्यंत. एक टाका इकडे नाही, एक तिकडे नाही. दिल्लीत थंडी असते म्हणून घातला होता गं तिनं. ती कधी दिल्लीला आली नव्हती. त्यानंच सांगितलं असणार.

आईनं बाहीवरनं हात फिरवला. ‘कुणी विणला?’ म्हणाली. मी म्हटलं, कंपनीनं दिला असेल. आई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘कंपनी मापं घेते का, शीला?’ बस. एवढंच. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, पांढरं वस्त्र घातलं, तर आई म्हणाली स्वेटर काढायचा नाही, वरून घाला. तसाच गेला निगमबोध घाटावर. त्यानंतर पाच वर्षं जगली आई, पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. सांगितलं असतं का? नसतंच. मी मस्कतला पत्र लिहायला बसले एकदा — पत्ता नाही, हॉस्पिटल कुठलं माहीत नाही. फॅक्स मीच फाडून टाकला होता. माझ्या भावाबरोबर राहायची ती बाई, आणि मला तिचं आडनाव माहीत नाही.

तू का रडतेस आता? मी तर माझं — नीरजा? काय?

कधीपासून येतोय फोन?

तीनदा. आणि प्रभाताई ठेवून देतात. काही बोलते का ती मुलगी? नुसतं अंशुमन म्हणते. बरं. बरं. नाही, मी काही म्हणणार नाही, मला कुठला हक्क. पेन दे इकडे. फॅक्स ठेव माझ्याकडे, सोबतीचा रकाना सोडून बाकी मी भरते, कंपनीला संध्याकाळपर्यंत चालतो. चौथ्यांदा फोन आला तर तू उचल, आईच्या आधी. काय बोलायचं? काहीही बोल. जेवलीस का विचार. नाही, मी येत नाही बरोबर, माझं काय काम तिथे? ऊठ. लिफ्ट बंद आहे, जिन्यानं जावं लागेल, पाच मजले, सावकाश उतर — नको, सावकाश नको. पळ.